काठातली काळी रेघ

विस्कॉन्सिनच्या नैऋत्य कोपऱ्यात कून क्रीक नावाचा ओढा आहे. त्याच्या पात्रात उतरून काठाकडे तोंड करून उभं राहिलं, की बऱ्याच ठिकाणी समोर मातीची उभी भिंत येते. कुठे कमरेइतकी, कुठे पुरुषभर, कुठे त्याहूनही उंच. पाण्याने सुरीने कापावी तशी ती कापलेली असते, त्यामुळे आतले थर उघडे पडलेले दिसतात. पाण्याच्या जवळ, भिंतीच्या पायथ्याशी, एक काळी रेघ आडवी जाते. ती १८५० च्या आसपासची जमीन. तिच्यावर तेव्हा गवत वाढत होतं आणि पुराचं पाणी पसरून ओसरत होतं. रेघेच्या वर जे फिकट, पिवळसर, सैल दिसतं ते सगळं नंतर आलेलं आहे, आणि त्यातलं बहुतेक ऐंशी-नव्वद वर्षांत आलेलं. आलं कुठून? वर मान करून पाहावं: टेकडीवरून.

हे प्रकरण ट्राऊट माशाचं आहे. पण त्याच्यापर्यंत पोचायला टेकडीवर चढून, शेतांमधून खाली उतरावं लागतं. सरळ ओढ्यावर जाऊन मासे सुधारायचा प्रयत्न पुष्कळांनी केला आणि पुष्कळांचा फसला.

मराठी माणसाची ट्राऊटशी ओळख झालीच तर ती मनालीच्या किंवा पहलगामच्या हॉटेलात, ताटात. तिथेही हा मासा पाहुणाच आहे. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली ट्राऊटची अंडी काश्मीरमध्ये उबवली गेली, पुढे हिमाचलात आणि दक्षिणेत निलगिरीवर त्याचा प्रसार झाला. सह्याद्रीच्या नद्यांत तो कधी रुजला नाही आणि रुजणारही नाही, कारण पाणी त्याला सोसणार नाही. या माशाच्या मागण्या मोजक्या आहेत, पण एकाही मागणीत तो तडजोड करत नाही. पाणी थंड हवं. दहा अंश सेल्सियसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहू शकतो, पंचवीस अंशाला तो आठाच्या आसपास येतो. मासा थंड रक्ताचा. पाणी तापलं की त्याच्या शरीराची भट्टीही जोरात चालते आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. म्हणजे गरज वाढते नेमक्या त्याच वेळी पुरवठा आटतो. वीस अंशांच्या पुढे अमेरिकेच्या पूर्व भागातला मूळचा ब्रूक ट्राऊट कासावीस होऊ लागतो.

दुसरी मागणी खडीची. शरद ऋतूत मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनी तळातली खडी बाजूला सारते, खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून पुन्हा खडी लोटते. थंडीचे महिने अंडी त्या खडीच्या पोटात काढतात. दगडांच्या फटींतून पाणी झिरपत राहतं तोवर ती श्वास घेतात. पिल्लं बाहेर पडल्यावरही पोटाची बलकाची शिदोरी संपेपर्यंत खडीतच दडून राहतात. या फटींत गाळ बसला की सगळी वीण जागेवर गुदमरते. वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. ओढा वाहतच असतो.

आता हा प्रदेश पाहू. हिमयुगात उत्तर अमेरिकेच्या उरावरून बर्फाचे प्रचंड थर सरकले, डोंगर खरवडले, आणि वितळताना दगडगोट्यांचा आणि मातीचा राडा मागे टाकून गेले. या राड्याला भूगर्भशास्त्रात ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा आणि इलिनॉय जिथे एकमेकांना भिडतात, तिथला एक पट्टा मात्र बर्फाने वळसा घालून सोडून दिला. म्हणून त्याचं नाव ‘ड्रिफ्टलेस’, राडा नसलेला मुलूख. आजूबाजूला परातीसारखी सपाटी आणि मधेच हा चुन्याच्या दगडाचा आणि वालुकाश्माचा, चिंचोळ्या दऱ्याखोऱ्यांचा तुकडा. या दऱ्यांना स्थानिक लोक ‘कूली’ म्हणतात. शब्द फ्रेंचांनी ठेवून गेलेला, मूळ अर्थ ‘वाहणं’. चुन्याचा दगड भेगाळ असतो. पाऊस त्याच्यात मुरतो, जमिनीच्या पोटात थांबतो आणि टेकडीच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. जमिनीच्या पोटातलं तापमान वर्षभर बदलत नाही, त्यामुळे हे झरे उन्हाळ्यात आणि हाडं गोठवणाऱ्या हिवाळ्यातही नऊ-दहा अंशांच्या आसपासच असतात. जुलैत ओढ्यात पाय घातला तर पिंडऱ्या बधिर होतात, आणि जानेवारीत बाहेर पारा शून्याखाली वीस असताना तोच ओढा वाफाळत वाहतो. ट्राऊटला याहून काय हवं?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथे शेतकरी येऊ लागले. कून क्रीकच्या खोऱ्यात प्रामुख्याने नॉर्वेजियन. कष्टाळू माणसं, त्यांना दोष देणं सोपं आहे आणि मला ते फारसं पटत नाही. जमीन मोजून देणाऱ्या सरकारी पद्धतीने सगळा देश चौकोनांत आखला होता आणि टेकडीलाही चौकोनातच बसवलं होतं. चौकोनी शेताची नांगरट कडेला धरून, सरळ रेषेत व्हायची. टेकडीवर सरळ रेषा म्हणजे बऱ्याचदा उताराच्या दिशेने वरून खाली. प्रत्येक तास हा पावसाला आयता पाट मिळाल्यासारखा. आधी गहू, मग दुधाची जनावरं, तंबाखू, मका. जिथे नांगर चालणार नाही अशा तीव्र उतारावरच्या झाडीत गाईगुरं सोडली. त्यांनी रोपटी खाल्ली, जमीन तुडवून घट्ट केली. मग पाऊस मुरेना. तो धावू लागला.

धावणाऱ्या पावसाने टेकड्यांवर ओघळी पाडल्या, ओघळींच्या घळी झाल्या, घळींनी शेतं दुभंगली. माती खाली दरीत येऊन बसली: रस्त्यांवर, कुंपणांवर, पुलांखाली. शेजारच्या मिनेसोटात व्हाइटवॉटर नदीच्या काठी बीव्हर नावाचं गाव होतं. १९३८ या एका सालात ते २८ वेळा पाण्याखाली गेलं. गाळाने ते हळूहळू पुरलं आणि लोक सोडून गेले. आपल्याकडे धरणात बुडालेल्या गावांची दुःखं माहीत आहेत. हे गाव शेतात बुडालं.

आणि ओढे? ते रुंद, उथळ, गढूळ झाले. पाऊस मुरत नव्हता म्हणून झरे आटले, म्हणून उन्हाळ्यात पाणी कमी आणि कोमट. पाऊस पडला की तांबडा लोंढा, दोन दिवसांनी पुन्हा गुडघाभर पाणी. खडी गाळाखाली. ब्रूक ट्राऊट दरीच्या माथ्याशी, झऱ्याच्या अगदी उगमापाशी कसाबसा तग धरून राहिला. मासे कमी झाले म्हणून हॅचरीतली पिल्लं आणून सोडायची, ती उन्हाळ्यापर्यंत पकडायची किंवा ती मरायची, पुढच्या वर्षी पुन्हा सोडायची, असा उद्योग अनेक दशकं चालला. फुटक्या माठात पाणी ओतत राहण्याचाच हा सरकारी प्रकार.

१९३३ साली मंदीच्या ऐन कहरात अमेरिकन सरकारने मातीची धूप थांबवण्यासाठी एक खातं काढलं. प्रमुख होते ह्यू हॅमंड बेनेट. जमिनीची धूप हे राष्ट्रीय संकट आहे असं हा माणूस वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत होता. या खात्याला आपलं म्हणणं सिद्ध करून दाखवायला एक अख्खं पाणलोट क्षेत्र हवं होतं. त्यांनी कून क्रीक निवडलं. पूर्ण पाणलोटावर एकत्रित काम करून दाखवण्याचा अमेरिकेतला तो पहिला प्रयोग. (योगायोग पाहा, त्याच १९३३ साली आपल्याकडे सोलापुरात कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचं केंद्र सुरू झालं. दोन्हीकडे प्रश्न एकच होता: पडलेला थेंब पडला तिथेच कसा थांबवायचा.)

मंदीमुळे बेकार तरुणांसाठी रूझवेल्ट सरकारने काढलेल्या संवर्धन दलाची छावणी खोऱ्यात पडली. या पोरांना महिन्याला तीस डॉलर मिळत, त्यातले पंचवीस थेट घरी पाठवले जात. शेतकऱ्यांशी पाच वर्षांचे करार झाले. शेतकऱ्याने पद्धत बदलायची. सरकार चुना, बियाणं, कुंपणाची तार, रोपं आणि राबणारे हात देणार. चारशेहून अधिक शेतकऱ्यांनी सह्या केल्या. कामं ऐकली तर आपल्याकडच्या कृषी सहायकाला अगदी घरची वाटतील. उताराला आडवी नांगरट. एक पट्टा मक्याचा, त्याखाली एक पट्टा गवताचा किंवा लसूणघासाचा, पुन्हा मक्याचा, पुन्हा घासाचा, आणि हे सगळे पट्टे टेकडीच्या समपातळीने वळत जाणारे. घळींच्या तोंडाशी बांध. तीव्र उतारावरच्या झाडीला कुंपण घालून गुरं बाहेर. आजही विमानातून हा मुलूख दिसतो तो नऊवारीच्या काठासारख्या हिरव्या-पिवळ्या वळणांचा. या वळणांवर माझा जीव आहे हे कबूल करतो. शेतीने जमिनीचा आकार मान्य केल्याची इतकी ठळक खूण क्वचितच पाहायला मिळते.

या कामाच्या सल्लागारांत आल्डो लिओपोल्ड होते. त्याच १९३३ साली ते विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक झाले होते. पुढे ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ या १९४९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाने त्यांचं नाव जगभर गेलं. कून व्हॅलीवर त्यांनी १९३५ साली ‘अमेरिकन फॉरेस्ट्स’ मासिकात लेख लिहिला. त्यांना भावली ती एक गोष्ट: मातीचा तज्ज्ञ, जंगलाचा तज्ज्ञ, इंजिनिअर, शेतीचा तज्ज्ञ आणि पक्ष्या-प्राण्यांचा तज्ज्ञ हे सगळे एकाच शेतकऱ्याच्या अंगणात, एकाच नकाशावर वाकून उभे होते. सरकारी खात्यांची ज्याला थोडीफार कल्पना आहे त्याला ही घटना किती दुर्मीळ ते सांगायला नको. लिओपोल्ड यांचा मुलगा स्टार्करही त्या प्रकल्पावर काम करून गेला. पुढे तोही नामांकित वन्यजीवशास्त्रज्ञ झाला.

मासे या सगळ्यात कुठेच नव्हते. म्हणजे कागदावर थोडेफार होते, पण १९३४ साली मक्याच्या पट्ट्याची रेघ आखणाऱ्या पोराच्या डोक्यात ट्राऊट नक्कीच नसणार. आणि तरीही ट्राऊटसाठी या खोऱ्यात झालेलं सगळ्यात मोठं काम तेच. आडव्या पट्ट्याने धावणारं पाणी थांबलं, थांबलेलं मुरलं, मुरलेलं चुन्याच्या भेगांतून उतरलं आणि पायथ्याच्या झऱ्यातून नऊ अंशांवर बाहेर पडलं. जे पाणी पूर्वी एका रात्रीत कोमट, तांबडं होऊन मिसिसिपीला मिळायचं, तेच आता महिन्यामहिन्याने, थंड आणि निवळ होऊन ओढ्यात यायला लागलं. वर आडवा नांगर चालला आणि खाली ओढा गार झाला. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही आपली घोषणा विहिरीसाठी होती. तिथे तिचा फायदा एका माशाला मिळाला.

हे एका वर्षात झालं नाही. दोन पिढ्या गेल्या. किती फरक पडला हे आज आपल्याला नेमकं सांगता येतं, याचं श्रेय १९३० च्या दशकातल्या मोजणीदारांना. त्यांनी दरीच्या आरपार रेषा आखून त्यांवरची जमिनीची उंची नोंदवून ठेवली होती. भूगोलज्ञ स्टॅन्ले ट्रिम्बल यांनी सत्तरच्या दशकात त्या जुन्या रेषा शोधून काढल्या आणि पुन्हा मोजल्या. नव्वदच्या दशकात आणखी एकदा. १९९९ साली ‘सायन्स’मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: १९७५ ते १९९३ या काळात दरीत गाळ साठण्याचा वेग १९३० च्या दशकातल्या वेगाच्या फक्त सहा टक्क्यांच्या आसपास उरला होता. चौऱ्याण्णव टक्के घट, आणि तीही शेती बंद न करता.

पण त्याच मोजणीत एक कोडं होतं. टेकडीवरून येणारी माती इतकी कमी झाली, तरी कून क्रीक मिसिसिपीत जी माती नेऊन ओतत होता ती मात्र या सगळ्या काळात जवळजवळ तेवढीच राहिली. हे कसं? उत्तर पहिल्या परिच्छेदातल्या भिंतीत आहे. आजोबांच्या शेतातून सुटलेली माती दरीत साठून राहिली होती, आणि आता ओढा ती काठांतून थोडी थोडी कापून पुढे नेत होता. गहाण ठेवलेल्या जमिनीवर व्याज भरत राहावं, तसं हे खोरं शंभर वर्षांपूर्वीच्या चुकीचे हप्ते अजून फेडत आहे.

गळ घेऊन येणाऱ्यांचा संबंध इथे सुरू होतो. पाणी गार झालं, निवळलं, ट्राऊट पुन्हा विऊ लागले, पण ओढ्याचा आकार बिघडलेलाच होता. दोन्ही बाजूंना उभे, सैल काठ. प्रत्येक पुरात ढासळणारे. मधलं पात्र रुंद आणि उथळ. पूर आला तर पाण्याला बाहेर पसरायला वावच नाही, कारण पूरमैदान आता डोक्यावर गेलेलं. सगळा जोर पात्रातच, आणि तो जोर काठ खातो. माशाला लपायला जागा नाही.

लपणं ट्राऊटला किती महत्त्वाचं आहे हे कळायला गळवाल्याच्या नजरेने पाहावं लागतं. हा मासा दिवसभर फिरत नाही. तो एक जागा निवडतो. बसायला संथ पाणी, पण जेवायला हातभर अंतरावर वाहतं पाणी, आणि डोक्यावर काहीतरी छप्पर. प्रवाहाकडे तोंड करून तो जागच्या जागी डुलत राहतो. वाहत येणारा किडा दिसला की बाहेर सरकतो, टिपतो, परत जागेवर. जेवणासाठी खर्च होणारी ताकद जेवणातून मिळणाऱ्या ताकदीपेक्षा कमी असली पाहिजे, हा साधा हिशोब. धोका बगळ्याचा, पाणमांजरासारख्या मिंकचा, आणि अर्थात माणसाचा. म्हणून झाडाचं मूळ, पडलेलं खोड, काठाखाली पाण्याने कोरलेली पोकळी या जागा सोन्याच्या. पिसांची खोटी माशी दोऱ्याला बांधून फेकणारा गळवाला नेमक्या याच जागांच्या वर, दीड-दोन वीत पुढे, आपली माशी अलगद उतरवायला वर्षं घालवतो.

विस्कॉन्सिनच्या मत्स्य खात्यातल्या माणसांनी, त्यांत जीवशास्त्रज्ञ डेव्हिड व्हेट्रानो अग्रभागी, या पोकळ्या सुताराकडून करून घ्यायचं ठरवलं. ओकच्या जाड फळ्यांचे दोन थर, मधे लाकडी ठोकळे, प्रवाहाच्या बाजूने उघडी अशी साधारण अडीच मीटर लांबीची पेटी. ओढ्याच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे पाण्याचा मारा असतो तिथे ती तळाशी बसवायची, लोखंडी सळया आरपार ठोकून पात्रात पक्की करायची, वर दगड रचायचे, दगडांवर माती, मातीवर गवत. उभा काठ जेसीबीने मागे कापून सौम्य उताराचा करायचा, म्हणजे पुराचं पाणी वर चढून पसरेल. वर्षभराने पाहिलं तर गवताळ काठ दिसतो आणि त्याखाली अंधारी, थंड ओसरी. पेटी कायम पाण्याखाली राहिली पाहिजे एवढीच अट. सतत बुडालेलं लाकूड कुजत नाही, ओलं-कोरडं होणारं कुजतं. आपल्याकडे विहिरीच्या बांधकामाखाली जांभळाचं लाकूड घालत ते याच भरवशावर.

या पेट्यांना ‘लंकर्स’ म्हणतात. गळवाल्यांच्या बोलीत लंकर म्हणजे भला थोरला मासा. कुणीतरी बसून त्या शब्दाच्या एकेका अक्षरावर बेतलेलं एक लांबलचक इंग्रजी नावही जुळवलं आहे; भावार्थ ‘पाण्याखालचा लहानसा शेजार राखणारे’ असा काहीसा. सरकारी खात्याच्या विनोदबुद्धीचा तो दुर्मीळ पुरावा.

पण माशांनी खरंच ऐकलं का? याचं उत्तर या पेट्यांच्याही आधीचं आहे आणि ते धीर धरायला शिकवतं. साठच्या दशकात विस्कॉन्सिनच्याच लॉरेन्स क्रीकवर रॉबर्ट हंट यांनी असेच कृत्रिम काठ बसवले आणि माशांची मोजदाद करत राहिले. पहिल्या तीन वर्षांत ब्रूक ट्राऊट वाढले. अहवाल लिहून फाइल बंद करायला एवढं पुरेसं होतं. हंट यांनी पुढची तीन वर्षंही मोजलं. तेव्हा दिसलं, की माशांची संख्या आणि एकूण वजन यांचा उच्चांक काम संपल्यानंतर पाचव्या वर्षाच्या सुमारास आला. म्हणजे बहुतेक योजनांचा अंतिम अहवाल जेव्हा लिहिला जातो, तेव्हा खरा निकाल लागलेलाच नसतो. सरकारी असो वा खाजगी, अनुदानाचं वर्ष आणि माशाचं वर्ष एकमेकांशी जुळत नाही.

पैसा कुठून आला हेही सांगायला हवं, कारण ते निम्मं यश आहे. १९५० च्या एका केंद्रीय कायद्याने गळ, काठ्या, रीळ यांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या मत्स्य खात्यांकडे वळवला. १९७७ मध्ये विस्कॉन्सिनने ट्राऊट पकडणाऱ्यासाठी परवान्याव्यतिरिक्त वेगळा शिक्का काढला आणि त्याची रक्कम ओढ्यांच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवली. शिवाय राज्य सरकार शेतकऱ्याकडून ओढ्याकाठच्या पट्ट्यावरचा कायमचा हक्क विकत घेतं; जमीन शेतकऱ्याचीच राहते, पण दुरुस्ती करायला आणि गळ टाकायला लोकांना वाट मिळते. आणि जिथे असा हक्क नाही तिथेही विस्कॉन्सिनचा कायदा मजेशीर आहे. वाहतं, नाव चालण्याजोगं पाणी सगळ्यांचं. पाय पाण्यात ठेवून चालत राहिलात तर तुम्ही कुणाच्याही जमिनीत घुसलेला नाही. काठावर पाय ठेवला की घुसलात.

यातले वादही गमतीचे आहेत. काठावर झाडं हवीत की गवत? तुम्ही-आम्ही डोळे मिटून झाडं म्हणू. ट्रिम्बल यांनी मोजून दाखवलं, की या भागात गवताळ काठांचे ओढे अरुंद आणि खोल असतात, झाडांखालचे रुंद. गवताच्या मुळांची जाळी गाळ धरते; झाड सावली पाडतं, गवत मरतं, झाड उन्मळलं की काठ घेऊन जातं. म्हणून इथे ओढा दुरुस्त करायचा म्हणजे आधी काठावरची झाडं तोडायची, आणि बाहेरून आलेला निसर्गप्रेमी हे पाहून हबकतो. गुरांचंही तसंच. काठावर गुरं मोकाट नकोत हे खरं, पण पाळीपाळीने, आखून चारलेली गुरं काठाला अपाय करत नाहीत, उलट झाडोरा आवरतात, असंही तिथल्याच पाहणीत दिसलं. नियम घोकून ओढा दुरुस्त होत नाही. कुठला ओढा, ते आधी विचारावं लागतं.

दुसरा वाद मला जास्त अस्वस्थ करणारा वाटतो. एवढं सगळं करून ओढ्यात वाढला कोण? बहुतेक ठिकाणी ब्राऊन ट्राऊट, आणि तो इथला नव्हे. १८८३ साली जर्मनीहून त्याची अंडी न्यूयॉर्कला आली आणि पुढच्या वर्षी मिशिगनमधल्या नदीत पहिली पिल्लं सोडली गेली. ब्रूक ट्राऊटपेक्षा त्याला थोडं कोमट पाणी चालतं, तो मोठा होतो, हुशार असतो, आणि गळवाल्याला हुशार मासा आवडतो. मूळचा ब्रूक ट्राऊट उगमाकडच्या, अधिक गार पाण्यात सरकत जातो. पुनरुज्जीवन म्हणायचं, आणि पाहुण्याचा संसार थाटून द्यायचा! यावर व्हेट्रानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली वाट अर्धी का होईना शहाणपणाची होती: हॅचरीत पिढ्यान्‌पिढ्या खाद्याच्या गोळ्यांवर वाढलेल्या माणसाळलेल्या माशांऐवजी, ओढ्यांतच टिकून राहिलेल्या रानट्या माशांची अंडी घेऊन त्यांची पिल्लं दुसऱ्या ओढ्यांत सोडायची, आणि वीण रुजली की सोडणं थांबवायचं. कून क्रीकचाच एक फाटा, टिंबर कूली, अशा ओढ्यांत गणला जातो. तिथे बाहेरून मासे सोडावे लागत नाहीत. उलट तिथले मासे बाहेर जातात.

आता २०१८ कडे येऊ.

या खोऱ्यात वर्षभराचा पाऊस नऊशे मिलिमीटरच्या आत-बाहेर. ऑगस्ट २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात एका रात्रीत काही ठिकाणी त्यातला अडीचशेहून अधिक मिलिमीटर पडला. महाबळेश्वरला हे नवल नाही, इथे होतं. १९५४ च्या एका कायद्यानुसार पुढे कून क्रीकच्या वरच्या दऱ्यांमध्ये पूर रोखण्यासाठी चौदा मातीची धरणं बांधली होती. बहुतेक कोरडी, पूर आला तरच भरणारी. त्या रात्री कून क्रीकमधली तीन आणि शेजारच्या खोऱ्यातली दोन फुटली. धरणाची माती कच्ची नव्हती. धरण ज्या टेकडीला टेकलं होतं ती टेकडी भेगाळ वालुकाश्माची, आणि पाणी धरणाऐवजी टेकडीतून वाट काढून बाहेर आलं. झऱ्यांना जन्म देणाऱ्या भेगांनीच धरणाला दगा दिला. पुढे अभियंत्यांनी पाहणी करून सगळीच धरणं काढून टाकावीत असा प्रस्ताव मांडला, आणि खोऱ्यात त्यावर जोरदार चर्चा सुरू झाली.

पाऊस वाढला हे एक कारण. दुसरं वर, शेतात आहे. विस्कॉन्सिनमध्ये २००४ च्या सुमारास दुधाचे पंधरा हजारांहून अधिक गोठे होते. २०२३ पर्यंत ते सहा हजारांच्या खाली आले. गोठा गेला की घासाची गरज गेली. घासाची गरज गेली की मक्याच्या दोन पट्ट्यांमधला घासाचा पट्टा गेला. मग फक्त मका आणि सोयाबीन, आणि त्यांना लागणारी मोठी यंत्रं, जी वळणदार पट्ट्यात वळवताना चालक वैतागतो. १९८५ पासून सरकार उताराच्या जमिनी गवताखाली ठेवायचे पैसे देत होतं. मक्याचे भाव चढल्यावर त्यातल्याही पुष्कळ जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या. १९३४ साली आखलेली वळणं एकेक करून सरळ होत आहेत. ओढ्याकाठच्या ओकच्या पेट्यांना याची खबर नाही. त्या आपल्या जागी पक्क्या आहेत.

पुराचं पाणी ओसरल्यावर मात्र दुरुस्त केलेल्या ठिकाणी एक फरक दिसला. जिथे काठ कापून सौम्य केले होते तिथे पाणी वर चढलं, गवतात पसरलं आणि जोर सोडून गेलं. जिथे जुनी उभी भिंत तशीच होती तिथे ती आणखी मागे ढासळली, पायथ्याची काळी रेघ ताजी उघडी पडली. आणि वरच्या कुरणात, गवताच्या पात्यांवर, टेकडीवरून आलेल्या फिकट मातीचा नवा थर वाळत पडला होता.